शिंपल्यांच्या मोसमाला निघतेस ना?

अगं, किती घाबरतेस! सासूबाई मालवणहून आल्यात, मुलांना सुट्टी आहे, नवऱ्याने कुठलासा व्हिडिओ बघून ‘आपण स्कॅलप काढायला जाऊ’ असं जाहीर केलंय, आणि बुकिंगपासून डब्यापर्यंत सगळं तुझ्या गळ्यात. असंच ना? खरं सांगू का, यातलं निम्मं ओझं कॅप्टनचं असतं, तुझं नाही. म्हणून पहिली गोष्ट ऐक. पहिल्या खेपेला बोट भाड्याने घेऊन नवऱ्याला सुकाणूवर बसवू नकोस. त्याने कितीही ‘मला जमेल’ म्हटलं तरी नको. गाइडसह चार्टरच घे.

का, ते सांगते. फ्लोरिडातल्या होमोसासा नदीतून खाडीच्या तोंडापर्यंत जायलाच बराच वेळ लागतो. नदीत मॅनटी, म्हणजे पाणगाई, असतात, त्यामुळे मोठ्या टप्प्यात बोट अगदी हळू हाकावी लागते, आणि बाहेर पडल्यावर पाणी इतकं उथळ, की ओहोटीला कुठे बोट रुतेल याचा नेम नाही. शिवाय स्वतःच्या किंवा भाड्याच्या बोटीने गेलीस तर सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या बहुतेकांना खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. चार्टरवर तो कॅप्टनच्या परवान्यात येतो. ही एक कटकट तिथेच संपली बघ.

आता तारीख. फ्लोरिडाच्या या किनाऱ्यावर पट्ट्यापट्ट्याने मोसम वेगळा. उत्तरेला स्टाइनहॅची भागात १५ जूनला सुरू होऊन लेबर डेला संपतो, तर आपल्या जवळच्या क्रिस्टल रिव्हर-होमोसासाकडे १ जुलै ते २४ सप्टेंबर. तरी जाण्याआधी राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनची साइट एकदा बघच, कारण नियम बदलतात. आणि दुसरं पंचांग आपलं! श्रावण कधी लागतोय ते आधी बघून ठेव. सासूबाई श्रावण पाळणाऱ्या असतील तर आषाढातच उरकून घे, नाहीतर दोन गॅलन शिंपले घरात आणि खाणारं कोणी नाही, असं व्हायचं. गंमत बघ, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि इथे नेमक्या त्याच दिवसांत सगळे पाण्यात. सासूबाई ‘पावसाळ्यात कसली मासेमारी!’ म्हणतीलच. त्यांचं अगदीच चुकत नाही. इथेही उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. म्हणून सकाळी सातची बोट घे, दुपारची स्वस्त मिळाली तरी नको.

फोन करशील तेव्हा माणसं मोजून सांग. बहुतेक छोट्या बोटींच्या कॅप्टनचा परवाना सहा प्रवाशांपुरता असतो, आणि तान्हं बाळही त्यात धरतात. ‘मांडीवर घेऊ’ इथे चालत नाही. भाडं बहुधा अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे शेजारच्या कुटुंबाला सोबत घेतलंस तर परवडतं. वादळ आलं तर पैसे परत की दुसरी तारीख, मास्क-स्नॉर्कल तेच देणार का, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, शिंपले साफ करून मिळतील का, हे सगळं विचार. आणि लाजू नकोस, बोटीवर टॉयलेट आहे का तेही विचार. बऱ्याच छोट्या बोटींवर नसतं. चार-पाच तासांचा प्रश्न आहे, पाळीची तारीख जवळ असेल तर दिवस बदल, त्यात काही बिघडत नाही. मात्र भाड्यात घासाघीस करू नकोस गं. त्या किनाऱ्याने ऑगस्ट २०२३ मध्ये इडालिया, ऑगस्ट २०२४ मध्ये डेबी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन अशी तीन चक्रीवादळं झेलली. तिथली घरं, धक्के, दुकानं वाहून गेली. वरून पंधरा-वीस टक्के टिप रोख ठेव.

कपड्यांचं टेन्शन तर सोडूनच दे. लांब बाह्यांचा रॅश गार्ड आणि खाली लेगिंग, बस्स. तिथे निम्मे लोक तसेच असतात, कारण उन्हाने पाठ सोलून निघते. स्नॉर्कल करताना तोंड पाण्यात आणि पाठ आकाशाकडे, तासन्‌तास. मंगळसूत्र आणि कानातलं घरी ठेव, समुद्री गवतात पडलं तर कायमचं गेलं. केस घट्ट बांध, कारण मास्कच्या कडेत एक बट अडकली तरी पाणी आत येतं. नवऱ्याच्या मिश्यांचंही तेच. त्याला वरच्या ओठावर व्हॅसलीन चोपडायला सांग.

‘मला नीट पोहता येत नाही’ म्हणतेस. बघ, बहुतेक ठिकाणी पाणी चार ते आठ फूट. लाइफ जॅकेट घाल, नूडल काखेत धर आणि नुसती तरंग. वाळूवर उभी राहिलीस तर पाय उचलून टाकू नकोस, घासत चाल, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच पळतं. सहा वर्षांखालच्या मुलाला बोट चालू असताना जॅकेट घालावंच लागतं, तो कायदा आहे. बोट उभी असतानाही काढू देऊ नकोस, हा माझा कायदा. पाण्यात कोणी असलं की कॅप्टन लाल-पांढरा झेंडा लावतो. उघड्या समुद्रात त्यापासून तीनशे फुटांच्या आत राहायचं असतं. मी म्हणते तू पन्नास फुटांच्या आत राहा. आणि नवरा कुठे आहे ते दर थोड्या वेळाने बघत जा, ही मंडळी शिंपल्यामागे वाहवत जातात.

शिंपला शोधायचा कसा? हिरव्या गवतातला काळपट तपकिरी गोल हेर. गवत संपून वाळू सुरू होते ती कड बघ. जवळ गेलीस की कडेने इवल्याशा निळ्या डोळ्यांची रांग दिसेल. हो गं, त्याला खरेच डोळे असतात, तीसचाळीस तरी! हात घातलास की तो शिंपला फटफट मिटून-उघडून चक्क पोहून पळतो. मुलं यावर खूष होतात. हातानेच उचलायचा, चिमटा बसला तर हलकाच बसतो.

माणशी रोज दोन गॅलन अख्खे शिंपले, आणि बोटीवर माणसं कितीही असली तरी दहा गॅलनच्या वर नाही. दोन गॅलन सोलल्यावर हाती येतं ते फार तर दोन वाट्या. नवरा ‘एवढंच?’ म्हणून कुरकुरेल, तर त्याला सांग, हा जीव जेमतेम वर्षभर जगतो आणि पाणी गार व्हायला लागलं की शरदात पिल्लं घालतो. म्हणून सप्टेंबरला मोसम बंद करतात. फ्लोरिडात तो धंद्यासाठी पकडायला बंदीच आहे, जे काही काढायचं ते आपल्यासारख्यांनी घरच्यापुरतं. खरं तर बादली भरलीच पाहिजे असा हट्टच धरू नकोस. हट्टाने सगळे थकतात आणि परतताना भांडतात.

सासूबाईंना पाण्यात उतरायचं नसेल तर त्यांच्या हातात गळ दे. बऱ्याच कॅप्टनकडे अर्धा वेळ शिंपले, अर्धा वेळ मासे असं ठरवता येतं. गवतावर स्पॉटेड सीट्राउट लागतो. नाव ट्राउट असलं तरी तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला, आणि रेडफिशही तसाच. सासूबाई बघताक्षणी ओळखतील. ट्राउट पंधरा ते एकोणीस इंच, रेडफिश अठरा ते सत्तावीस इंच, त्याहून लहान-मोठा निघाला तर परत सोडायचा, फक्त एकोणीस इंचांवरचा एक ट्राउट बोटीमागे ठेवता येतो. मोठा मासा सोडताना त्यांचा जीव कळवळेल, पण मोजपट्टी कॅप्टनकडे असते, वाद घालून उपयोग नाही. स्पॅनिश मॅकरेल लागला तर मज्जाच, तो सुरमईचा सख्खा चुलतभाऊ. खास त्याच्यासाठी जायचं तर मात्र वसंतात किंवा ऑक्टोबरच्या सुमारास जा.

बोट लागणाऱ्यांनी रिकाम्या पोटी निघू नये. गोळी धक्क्यावर नाही, घरून निघताना घ्यायची, मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारून. पर्समध्ये आलेपाक असू दे. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या ने, ओल्या हाताने खाता येतात. पाणी भरपूर. आणि केळी नेऊ नकोस! मासेमारीच्या बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, असं इथले कॅप्टन मानतात. आपण मांजर आडवं गेलं की थांबतो, त्यांचं केळं.

शिंपले हाती आले की लगेच बर्फात. गारठले की तोंड उघडतात आणि सोलायला सोपं जातं. धक्क्यावर पैसे घेऊन सोलून देणारेही असतात. पहिल्यांदा त्यांनाच दे, रात्री अकरापर्यंत सिंकशी उभी राहू नकोस. रिकामे शिंपले नदीत टाकायचे नाहीत, पोहणाऱ्यांचे पाय कापतात. तिसरीसारखं सगळं खात नाहीत हं यातलं, फक्त मधला पांढरा गोळा. बाकीचं फेकताना सासूबाई हळहळतील, पण तिथे मात्र तू ठाम राहा, पोटातला भाग खायचा नाही.

शिजवणं म्हणशील तर एक-दोन मिनिटं. मी पहिल्यांदा तिसऱ्यांसारखे वाटणात रटरटू दिले, नवऱ्याने एक चावून ‘हे खोडरबर कुठून आणलंस?’ असं विचारलं होतं. तू काय कर, कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला, थोडं आगळ, असं सगळं सुकं आधी तयार कर, आणि गॅस बंद करायच्या जरा आधी स्कॅलप घालून परत. मुलांसाठी थोडे बटर-लसणात.

आता उठ आणि फोन लाव. जुलैतले शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि तेव्हा नदीत बोटींची जत्रा असते. बुधवार माग. गर्दी कमी असते, आणि सासूबाईंचा सोमवार, गुरुवार, शनिवार यांतला कुठलाच उपास आडवा येत नाही.