अक्षरांची बाह्यरेषा व हायकूचा संगणक

विद्यार्थिमित्रहो, पूर्वीं छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवून पुस्तकें छापीत, व एकाच ‘अ’चे लहानमोठे खिळे निरनिराळे ओतावे लागत. आरंभींच्या संगणकांतहि हीच स्थिति होती. प्रत्येक आकाराच्या अक्षराचें ठिपक्यांचें चित्र वेगळें सांठविलेलें असे. तें ताणून मोठें केलें कीं कडा पायऱ्यांसारख्या दिसत.

यावर उपाय बाह्यरेषेचा. यांत अक्षराचें चित्र न ठेवतां त्याच्या कडेवरील बिंदु व त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा ठेवतात. अ‍ॅपल कंपनीनें १९९१ सालीं आणलेली ट्रूटाइप पद्धति अशीच आहे. समजा, अक्षराची मूळ चौकट २०४८ भागांची आहे व ती पडद्यावर १२ ठिपक्यांत बसवावयाची आहे. मग प्रत्येक मापास १२ नें गुणून २०४८ नें भागावें. २०० भाग रुंदीची उभी रेघ सुमारें १·१७ ठिपके भरेल. परंतु ठिपक्याचे तुकडे होत नाहींत! एक रेघ एका ठिपक्यांत मावते, तर दुसरी दोहोंवर पसरते, आणि अक्षर विद्रूप होतें. म्हणून अर्धवट झांकलेल्या ठिपक्यास करडी छटा देतात. शिवाय, रेघा ठिपक्यांवर नीट बसविण्याच्या सूचना ट्रूटाइप अक्षरांतच लिहिलेल्या असतात.

आतां हायकूची हकीकत ऐका. संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बी नांवाच्या कंपनीची बीओएस ही अशीच एक व्यवस्था होती. २००१ सालीं कंपनीची मालमत्ता पाम कंपनीनें विकत घेतली. तेव्हां कांहीं उत्साही मंडळींनीं त्याच धर्तीची व्यवस्था नव्यानें लिहावयास घेतली. २००४ सालीं तिला हायकू हें नांव मिळालें. मंडळी थोडी, काम अफाट. अक्षरें रेखाटण्याची यंत्रणाहि नव्यानें उभारणें भाग होतें. येथें फ्रीटाइप उपयोगी पडलें. डेव्हिड टर्नर यांनीं १९९६ सालीं आरंभिलेलें हें काम मूळ लेखनासह सर्वांस मोफत खुलें होतें. फ्रीटाइपनें अक्षराचा आकार द्यावा, व मॅक्सिम शेमानारेव्ह यांच्या अँटी-ग्रेन जॉमेट्रीनें तो पडद्यावर रंगवावा, अशी योजना झाली. सप्टेंबर २००९ मध्यें हायकूची पहिली चांचणी आवृत्ति लोकांच्या हातीं आली.

वाट निष्कंटक मात्र नव्हती. ट्रूटाइपमधील सूचना अमलांत आणण्याच्या रीतीवर अ‍ॅपलचीं पेटंटें होतीं. म्हणून फ्रीटाइपचा तो भाग एरवीं बंद ठेवावा लागे. परंतु कर्ते हात जोडून बसले नाहींत. अक्षराची घडण पाहून त्यांतील रेघा आपणच ओळखणारी व ठिपक्यांवर बसविणारी निराळी युक्ति त्यांनीं तयार केली. मे २०१० मध्यें पेटंटांची मुदत सरली, आणि त्याच वर्षीं तो बंद भागहि खुला झाला.

आपल्या देवनागरीस आणखी एक पायरी लागते. ‘कि’ लिहितांना वेलांटी क नंतर टंकितात, पण ती दिसते अगोदर. जोडाक्षरांचे आकारहि बदलतात. फ्रीटाइप एकेक आकार रेखाटतें. त्यांची निवड व क्रम ठरविण्यास हार्फबझसारखी दुसरी यंत्रणा हवी. दोन्ही कामें साधलीं तरच मराठी मजकूर शुद्ध दिसतो.

मित्रहो, परमेश्वरानें दिलेली बुद्धि कुलुपांत ठेवण्यासाठीं नाहीं. एकानें मोकळ्या हातानें दिलेलें काम अनोळखी माणसांच्या संगणकावर अक्षरें होऊन उमटलें. आपण वर्गांत शिकलेला भूमितीचा सिद्धांत शेजारच्या सोबत्यास समजावून द्यावा, हाहि त्याच वृत्तीचा आरंभ होय.