साइट बदलण्याआधी

मनू भाकरनं २८ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलचं कांस्यपदक जिंकलं आणि चारच दिवसांनी कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्यपदक आणलं. त्यानंतर मराठी घरांत एक नवाच संवाद सुरू झाला. मुलं म्हणतात, मला रेंजवर घाला. आईवडील म्हणतात, घालतो, पण पिस्तूल केवढ्याला पडतं? पडतं महागच. स्पर्धेत चालणारं परदेशी बनावटीचं नवं पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात जातं. मग नजर वळते ती जुन्याकडे. कुणी बारावीसाठी खेळ सोडलेला असतो, कुणाला वरचं मॉडेल घ्यायचं असतं, कुणी परदेशी निघालेला असतो. रेंजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, ‘कंडिशन टॉप, साइट नवीन’.

पुण्यात कोथरूडला औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना असाच फोटो आला. वय पंचेचाळिशीपुढचं. लेकीला रेंजवर सोडायला जायचे. तिची वाट पाहत बाकावर बसण्यापेक्षा आपणही हात चालवावा, असं त्यांच्या मनात आलं. क्लबचं पिस्तूल वापरून महिना-दोन महिने झाल्यावर स्वतःचं हवंसं वाटू लागलं. फोटोतलं पिस्तूल युरोपीय बनावटीचं होतं, लाकडी ग्रिपचं, देखणं, आणि नव्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. त्यांनी ते हातात घेतलं, भिंतीवर रोखलं, चार छर्रे मारून पाहिले आणि तिथल्या तिथे पैसे दिले.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या हवाई शस्त्राची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला परवाना लागत नाही. दहा मीटरची मॅच पिस्तुलं या मर्यादेत आरामात बसतात. तरीही मूळ बिल, आयातीचे कागद आणि विकणाऱ्याच्या सहीची पावती घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. लांबून पाहणाऱ्याला ते खरंखुरं पिस्तूलच दिसतं, म्हणून ने-आण नेहमी कुलूपबंद पेटीतून करावी. एवढं या गृहस्थांनी नीट केलं होतं. त्यांचं चुकलं ते पुढे.

छर्रे डावीकडे खाली जात होते. सगळे नाही, पण दहातले चार-पाच तरी. साइट, म्हणजे नेम धरायची पिस्तुलावरची खूण, हलली असणार, असं धरून त्यांनी रिअर साइटचा स्क्रू फिरवला. पुढचे छर्रे उजवीकडे वर गेले. पुन्हा फिरवला. एक छर्रा गेला तिकडे साइट न्यायची, दुसरा गेला की परत आणायची. या पाठशिवणीत अख्खी संध्याकाळ जाई. मग त्यांनी ठरवलं की दोष जुन्या साइटचा आहे. इंटरनेटवर हिरव्या चमकत्या फायबरची फ्रंट साइट मिळाली. ती बसवली आणि काय आश्चर्य, टोक लख्ख दिसू लागलं! तीच घेऊन ते एका जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेला गेले. साहित्य तपासणाऱ्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावरच्या मुलीनं पिस्तूल हातात घेतलं, एकदा पाहिलं आणि परत केलं. “काका, ही नाही चालणार.”

चालत नाहीच. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत पिस्तुलाला फक्त उघडी साइट चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, लाल ठिपक्याची इलेक्ट्रॉनिक साइट हे सगळं बाद आहेच. शिवाय उजेड वाढवणारी, फायबरची किंवा चमकत्या रंगाची उघडी साइटही बाद आहे. पिस्तुलावर भिंग वा फिल्टर लावता येत नाही, ते नेमबाजाच्या चष्म्यात असलं तर चालतं. साइटसकट अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं आणि ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा. साइट-विक्रेत्याच्या जाहिरातीत यातलं काही नसतं. तो शिकारी, छंदी, कॅन फोडणारे अशा सगळ्यांसाठी विकत असतो.

मूळचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सोडवला कोल्हापूरच्या एका जुन्या प्रशिक्षकानं. कोल्हापूरला नेमबाजीचा मान आहे. राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत तिथल्याच. हे सर शिबिरासाठी पुण्याला आले होते. त्यांनी साइटकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “डोळे मिटा. हात वर करा. नेहमी धरता तसं पिस्तूल धरा. आता उघडा.”

फ्रंट साइट नॉचच्या, म्हणजे मागच्या साइटच्या खाचेच्या, बाहेर डावीकडे लटकलेली होती.

“हे पिस्तूल तुमच्या हातासाठी नाही कोरलेलं. ज्याच्यासाठी कोरलं, त्याचा पंजा तुमच्याहून मोठा असणार. तुम्ही दर वेळी मनगट वळवून साइट मध्ये आणता आणि ट्रिगर दाबताना मनगट परत आपल्या जागी जातं. यात साइटचा काय दोष?”

इथे थोडं गणित करणं भाग आहे, कारण साइटवर खर्च करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक हवं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर सुमारे ३३ सेंटीमीटर धरू. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे त्याच्या तीसपट. नॉचमध्ये फ्रंट साइट एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा लक्ष्यावर तीस मिलिमीटर सरकतो. कागदावरची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरवर आहेत, तेव्हा दहाचा छर्रा जवळजवळ चार वर्तुळं बाहेर गेला. उलट दोन्ही साइट एका रेषेत धरून अख्खा हात पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असल्यानं गुण दहाच मिळतात. नवखा नेमबाज लक्ष्याच्या काळ्या भागाकडे टक लावून हात स्थिर करायला बघतो आणि साइटची रेषा कधी मोडली ते त्याला कळतही नाही. त्याची नजर काळ्यावरून उचलून फ्रंट साइटच्या कडेवर आणून ठेवणारी साइट अजून कुठल्या कारखान्यात बनलेली नाही.

ग्रिपवर काम झालं. अंगठ्याच्या बाजूचं लाकूड थोडं घासलं, तळव्याच्या खोलगट भागात लाकडाची पुट्टी भरली, वाळू दिली, पुन्हा तपासलं. हे काम एका बैठकीत संपवू नये. थोडं भरावं, दोन-चार दिवस मारून पाहावं, मग पुढे जावं. नियमही ध्यानात ठेवावेत: ग्रिपनं हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगट मोकळं राहिलं पाहिजे. डोळे मिटून हात उचलल्यावर फ्रंट साइट नॉचच्या मध्यावर येऊ लागली, तेव्हा छर्रेही आवळून पडू लागले. उरले होते ते डावे-खालचे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे तिकडे गेले की बहुतेक वेळा तो झटक्यानं दाबलेला ट्रिगर असतो. त्यावर औषध एकच, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर छर्रा न घालता ट्रिगर ओढत राहणं. मॅच पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

तरीही फ्रंट साइट अंधुक दिसत होती, आणि हे वयाचं. चाळिशीनंतर एक मीटरवरची कड धारदार दिसायला चष्मा लागतो, आणि या गृहस्थांचा होता प्रोग्रेसिव्ह. त्यात मान जराशी कलली की नंबर बदलतो. फायबरची साइट लख्ख वाटली होती ती याच दुखण्यामुळे. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना त्यांनी डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचं अंतर मोजून नेलं. नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर वाढवलेली एकच साधी काच मिळाली. कड स्वच्छ झाली, काळा भाग किंचित धूसर. असाच हवा तो. पॅरिसमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा साध्या चष्म्यातला, एक हात खिशात घातलेला फोटो जगभर फिरला आणि साधनांची गरजच नाही, असं पुष्कळांनी त्यातून काढलं. डिकेच २००८पासून पाच ऑलिंपिक खेळलेला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून मारणारा माणूस आहे, हे त्या फोटोत दिसत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी दुसऱ्या डोळ्यासमोर झापड लावावी. नियमात ती ३० मिलिमीटर रुंद चालते. डोळा गच्च मिटून मारलं की थोड्याच वेळात उघडा डोळाही थकतो.

एवढं झाल्यावर साइटची पाळी आली, आणि मग ती बदलणं खरोखर उपयोगी पडलं. जुन्या मालकानं फ्रंट साइटची ब्लेड अरुंद ठेवली होती, नॉचही घट्ट. दोन्ही बाजूंना उजेडाची नुसती रेघ दिसायची. अशा साइटवर मुरलेला नेमबाज बारीक काम करतो. नवख्याला तिच्यात प्रत्येक थरथर दिसते, तो ती दुरुस्त करत बसतो, ट्रिगर लांबतो आणि शेवटी झटका बसतो. सरांनी त्याच कंपनीची अर्ध्या मिलिमीटरनं रुंद ब्लेड घ्यायला लावली आणि नॉच इतकी उघडली की दोन्ही बाजूंच्या फटी ब्लेडच्या साधारण निम्म्या दिसाव्यात. पिस्तुलावरच्या सगळ्या खर्चांत हा सर्वात लहान. दुसरी सुधारणा तर देवघरातली. वापरून वापरून ब्लेडचा काळा मुलामा उडाला होता, ट्यूबलाइटखाली कड चमकायची. ब्लेड पिस्तुलातून काढून जळत्या कापरावर क्षणभर धरली की तिच्यावर दाट मिट्ट काजळी बसते. जुने नेमबाज हे वर्षानुवर्षं करत आले आहेत. ब्लेड काढूनच करावं. दाबाच्या सिलिंडरशेजारी ज्योत नेऊ नये.

आणि सिलिंडर. घेताना पाहायला हवी होती, पण पाहिली गेली नाही, अशी सर्वात महागडी गोष्ट ही. या पिस्तुलांच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात आणि त्यावर निर्मितीची तारीख कोरलेली असते. स्पर्धेत दहा वर्षांपर्यंतच तो वैध. मुदतीची जबाबदारी खेळाडूची, आणि अधिकारी ती तपासू शकतात. या पिस्तुलाच्या सिलिंडरला मोजकेच महिने उरले होते. एका मेकचा सिलिंडर दुसऱ्याला बसेलच असं नाही, त्यामुळे नवा मागवावा लागला आणि ‘निम्म्याहून कमी’ किमतीतली निम्मी बचत तिथेच गेली. शिवाय रात्रभरात दाब उतरायचा, म्हणजे सील गेलेले. तेही बदलले. एका मित्रानं तिथे शिलाई मशीनचं तेल सोडायला सांगितलं होतं. ते ऐकलं नाही हे बरं झालं. एवढ्या दाबाखाली पेट्रोलियमचं तेल पेट घेऊ शकतं. सीलना सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकं.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं जुनं पिस्तूल समोर आलं, तर टोकियो ऑलिंपिक आठवावं. २५ जुलै २०२१ रोजी पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिच्यामागे संघ होता, सुटे भाग होते, तरी हे झालं. जवळपास दुरुस्ती करणारा नसेल, तर पहिलं पिस्तूल यांत्रिक ट्रिगरचं घेणं शहाणपणाचं.

मग जुनं घ्यावं का? जरूर घ्यावं. मॅच पिस्तुलाची नळी लवकर झिजत नाही आणि नीट राखलेलं दहा वर्षांचं यंत्र नवख्याच्या हातून कित्येक वर्षं सहज चालतं. पण नुसतं भिंतीवर रोखून नव्हे, वेळ काढून घ्यावं. आधी सिलिंडरची तारीख वाचावी. पूर्ण भरून, दाब लिहून, एक रात्र ठेवायला सांगावं आणि सकाळी पुन्हा वाचावा. रेंजवर ट्रिगरचं वजन टांगून ५०० ग्रॅम उचलतो का ते पाहावं. जुने मालक हौसेनं तो हलका करून ठेवतात. पिस्तूल शिकंज्यात मऊ कापडात धरून पाच-पाच छर्रे मारावेत. ते एकाच भोकात जात असतील, तर नळी निर्दोष आहे, पुढचं बहुतेक आपल्या हाताचं. विखुरले, तर दुसऱ्या डब्यातले छर्रे लावून पाहावेत, डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात आणि तेवढ्या फरकानंही एखादी नळी रुसते. ग्रिप हाताला लागते का, हे डोळे मिटून बघावं. क्लबच्या प्रशिक्षकाला बरोबर न्यावं, त्याच्या चहापाण्याचा खर्च काहीच नाही. साइटचा विचार हे सारं उरकून निदान तीन महिने मारल्यावर करावा, आणि तोवर साइटच्या स्क्रूचे क्लिक मोजून वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे मूळ जागी परत येता येईल.

एक विनंती विकणाऱ्यांना. जाहिरातीत ‘साइट नवीन’ असं लिहिण्यापेक्षा सिलिंडरवरची तारीख दिसेल असा एक फोटो टाका, आणि पिस्तूल कुठल्या मापाच्या हातासाठी कोरलं आहे तेही लिहा.