आभाळाकडे तोंड केलेला सायलेंसर

कार्तिकी पौर्णिमेस मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी येणाऱ्या भाविकांना आणि पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठी येणाऱ्या हौशी मंडळींना जे कपिलधार ठाऊक असते, त्याहून निराळे कपिलधार आम्हां शेतकऱ्यांच्या वाट्यास येते. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जमीन, सोयाबीन-तुरीची मशागत आणि काढणीच्या ऐन धामधुमीत वर्दी न देता येणारा परतीचा पाऊस, एवढाच त्याचा विस्तार. या पावसाशी माझा जो एक महागाचा व्यवहार झाला, त्याची कैफियत जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, या समजुतीने येथे मांडीत आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी जो जुना, तीन सिलिंडरांचा ट्रॅक्टर घेतला, त्याचा सायलेंसर आडवा, पोटाखालून मागे गेलेला होता. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात १९४६पासून तयार होऊ लागलेल्या करड्या फर्ग्युसनची हीच ठेवण, आणि ती अडाणीपणाची खचित नव्हती. सीताफळीच्या बागेतून जाताना डोक्यावर फांद्या अडत नाहीत आणि पावसाचे पाणी धुराच्या वाटेने इंजिनात शिरत नाही, हे तिचे दोन गुण मला पुढे फार उशिरा उमगले. त्या काळी मला दिसत होते ते दोषच. मळणीयंत्र चालविताना ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा राहतो, त्याचा धूर नेमका यंत्रात पेंढ्या सारणाऱ्या बायांच्या तोंडावर जातो आणि तापलेल्या नळीखाली सोयाबीनचा भुसा साचत राहतो. "गुरुजी, धुरानं डोळे फुटायची येळ आली बघा," असे त्यांच्यापैकी एकीने पदराने तोंड पुसत म्हटले, तेव्हाच सायलेंसर उभा करण्याचा माझा निश्चय झाला. हेतूविषयी मला आजही खंत नाही. खंत आहे ती घाईची.

मिस्त्री हाताचा कुशल होता. त्याने मॅनिफोल्डला वळणाचा तुकडा बसविला, त्यावर दोन इंची नळी बॉनेटच्या वर हातभर निघेल अशी उभी केली आणि वेल्डिंगवर काळा रंग फासला. झाकणाचे काय, असे मी विचारले असता तो म्हणाला, "पाऊस संपला की गुरुजी. आता झाकण कशाला लागतंय?" हा प्रश्न मला पुरेसे उत्तर वाटला. गावोगावी ट्रॅक्टरच्या नळीवर पालथी घातलेली करवंटी किंवा डालड्याचा डबा मी आयुष्यभर पाहत आलो होतो. पण नव्या रंगाच्या त्या डौलदार नळीवर डबा घालणे मला विद्रूप वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

चौथ्या रात्री पाऊस झाला. सकाळी किल्ली फिरविली, तो स्टार्टरचा एकच 'टक्' असा आवाज होऊन सारे थांबले. बॅटरी उतरली असावी, असे अनुमान काढून मी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावली, गिअर टाकला आणि ओढावयास सांगितले. दहा-बारा हात गेल्यावर क्लच सोडला. मागची चाके चिखलात घसरली, मग त्यांनी पकड घेतली, आणि इंजिनाच्या पोटात वाळलेले लाकूड मोडावे तसा आवाज झाला. इंजिन उघडल्यावर कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला.

पुढे दुरुस्ती चालू असताना बाकावर बसून मी जो हिशेब मांडला, तो आधी मांडावयास हवा होता. दोन इंची नळीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर. रात्रीत ६० मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्या तोंडातून सुमारे १२० घन सेंटिमीटर पाणी आत जाते. अडीच लिटरच्या तीन सिलिंडरी डिझेल इंजिनात, दाबाचे प्रमाण १७ धरले, तर पिस्टन वर आल्यानंतर उरणारी जागा प्रत्येक सिलिंडरात जेमतेम ५० घन सेंटिमीटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाएवढीही नसते. इंजिन कोठेही थांबले, तरी तिहींपैकी एकाचा तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो, त्यामुळे पाण्याला वाट आयतीच मिळते. आणि हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो. स्टार्टर बिचारा हरून थांबला होता, तोच खरा शहाणा. साखळीने ओढणारा मी त्या इंजिनाचा वैरी ठरलो.

म्हणून पावसानंतर असा 'टक्' ऐकू आला, तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नये, ढकलू नये, ओढू तर मुळीच नये. तिन्ही नोझल काढून इंजिन हाताने सावकाश फिरवावे; पाणी असेल तर ते नोझलच्या भोकांतून उडेल. तळाचे ऑइल दुधासारखे पांढरट दिसले, तर ते फिल्टरसह बदलल्यावाचून इंजिन सुरू करू नये.

मुळात नळी उभी करतानाच काही तजवीज ठेवावी. वजनाने मिटणारे बिजागरीचे झाकण पहिल्याच दिवशी बसवावे, आणि ते काजळीने अडकून उघडेच राहत नाही ना, हे अधूनमधून बोटाने पाहावे. नळीच्या वळणाशी, सर्वांत खालच्या जागी, एक बारीक भोक पाडावे. नळीचा सारा भार मॅनिफोल्डवर टाकू नये, नाहीतर खडबडीत वाटेच्या हादऱ्याने स्टड तुटतात. बॉडीला धरणारी एक पट्टी हवीच. नळी मूळ मापापेक्षा अरुंद घेतली तर धूर कोंडतो आणि इंजिन तापते. हवा ओढणाऱ्या एअर क्लीनरचे तोंड आणि डिझेलची टाकी यांपासून ती दूर असावी, आणि तास धरताना डोळ्यांसमोर येऊ नये. उभ्या नळीतून काजळीच्या ठिणग्या आता वर उडतात, हे ध्यानी धरून कडब्याच्या गंजीजवळ ट्रॅक्टर उभा करू नये. १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ वाहनातील फेरफारांविषयीचे आहे. तेव्हा परिवहन दफ्तरात आधी विचारणा केलेली बरी.

बायांच्या डोळ्यांचा त्रास मात्र गेला. वारा उलटा फिरला तर थोडा होतो, एवढेच. यंदा मृगाचा पहिला पाऊस मध्यरात्री पत्र्यावर वाजू लागला, तेव्हा मी बॅटरी घेऊन पडवीत गेलो. झाकण मिटलेले होते. तरी शेजारचा डालड्याचा डबा उचलून मी भिजत गेलो, झाकणाच्या वरून तो पालथा घातला आणि परत आलो. "अहो, झाकण आहे ना त्याला?" आतून प्रश्न आला. आहे, असे म्हणून मी डोके पुसू लागलो.