फोन खिशात, नकाशा पडद्यावर

गाडी चालवणारा एका हातात फोन धरून रस्ता शोधतो. आपला जीव त्याच्या दुसऱ्या हातात! म्हणून आम्ही बाजारातून एक डबी आणली. तिला वायरलेस ॲडाप्टर म्हणतात. आमची काडेपेटीएवढी आहे.

गाडीत चार्जिंगची वायर खोचतात, तिथे ती खोचली. पडद्यावर काहीच येईना. आम्ही दुकानदाराला बोल लावला, पण चूक आमचीच. त्या भोकातून नुसती वीज येत होती. शेजारच्या भोकात खोचली, तशी डबी जागी झाली. मग फोनचे ब्लूटूथ आणि वायफाय चालू केले. ब्लूटूथच्या यादीत डबीचे नाव दिसले, त्यावर बोट ठेवले. ब्लूटूथने फोनची आणि डबीची ओळख होते. नकाशा, गाणी पडद्यावर नेण्याचे काम वायफायचे. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होताच फोन आपोआप जोडला गेला.

पण एक सांगतो, बरं का. वायरने फोन जोडल्यावर ज्या गाडीच्या पडद्यावर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले येते, तिलाच ही डबी चालते. नुसत्या रेडिओच्या गाडीला तिचा उपयोग नाही. आधी वायर लावून पाहा, मग पैसे मोजा. वायर नसली की फोनची बॅटरी लवकर उतरते. लांब जायचे तर घरून पुरती भरून निघा.