शेवटची बोट किती वाजता?

अंदमानला निघालेली मंडळी दवाखान्यात येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: "डॉक्टर, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का?" त्याचं उत्तर पुढे देतो. पण त्याआधी मी त्यांना विचारतो, ज्या बेटावर तुमचा मुक्काम आहे तिथून परतीची शेवटची बोट किती वाजता सुटते? बहुतेकांना ठाऊक नसतं. सहलीच्या छापील कार्यक्रमात सेल्युलर जेलच्या लाइट अँड साउंड शोची वेळ असते, सूर्यास्त कुठून बघायचा तेही असतं. हे तेवढं नसतं.

पुण्यात किंवा नाशकात रात्री अकराला पोटात कळ आली, तर अर्ध्या तासात कुठल्या ना कुठल्या इमर्जन्सीत पोचता येतं. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, किंवा नील, म्हणजे शहीद द्वीप, इथे सरकारी आरोग्य केंद्र आहे, प्राथमिक उपचार होतात. मोठं रुग्णालय मात्र पोर्ट ब्लेअरला. (2024 पासून शहराचं नाव श्री विजयपुरम आहे, पण तिकिटं काढणाऱ्यांच्या तोंडी अजून जुनंच.) सरकारी बोटीने हॅवलॉकहून तिथे जायला साधारण अडीच तास, खासगी कॅटामरानने दीडेक तास. या बोटी दिवसाउजेडी चालतात आणि समुद्र खवळला की रद्द होतात. पोर्ट ब्लेअरलाही न जमणारं काही असेल, तर पुढे चेन्नईचं किंवा कोलकात्याचं विमान. आणीबाणीत हेलिकॉप्टरने रुग्ण हलवतात, पण त्यालाही हवामान अनुकूल लागतं.

म्हणून ग्रुपने रोज दुपारी जेवणाच्या पानावरच एकमेकांची चौकशी करावी. सकाळपासून पोटात एकाच जागी दुखतंय का? उलट्यांमुळे घोटभर पाणीही टिकत नाही, असं कुणाचं आहे का? सहा-आठ तास लघवीच झालेली नाही? ताप आहे आणि माणूस गुंगीत बोलतोय? जखमेभोवतीची लाली सकाळपेक्षा पसरली आहे? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवा आणि संध्याकाळच्या आत पोर्ट ब्लेअर गाठा. "बघू, सकाळपर्यंत बरं वाटेल" हे वाक्य घरी निभावून जातं, बेटावर महागात पडतं. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं यासाठी तर दुपारचीही वाट बघू नका. सहलीचे पैसे बुडतील म्हणून दुखणं लपवणारे आजोबा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतात. त्यांना थेट विचारून उपयोग नाही, त्यांच्या पत्नीला विचारा.

आता उन्हाचं बघू. घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळ तीच, पण अंदमान मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे. त्यामुळे तिथला सूर्य आपल्यापेक्षा सुमारे एक तास वीस मिनिटं पुढे असतो. मुंबईत साडेबाराच्या पुढे सूर्य माथ्यावर येतो, तिथे अकरा ते साडेअकराच्या दरम्यानच. सकाळी साडेआठला "अजून कोवळंच ऊन आहे" म्हणून टोपीशिवाय बोटीत बसणारा माणूस प्रत्यक्षात मुंबईतलं पावणेदहाचं ऊन खात असतो, वर पाण्यावरून परावर्तित होणारं वेगळं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, रुंद काठाची टोपी, आणि सनस्क्रीन लावायचं तर भरपूर, दर दोन तासांनी, पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. स्नॉर्केलिंग करणाऱ्यांच्या पाठी आणि पोटऱ्यांची मागची बाजू सर्वांत जास्त भाजते; टी-शर्ट घालूनच पोहा.

रक्तदाबासाठी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर घाम, उलट्या आणि गोळी मिळून रक्तदाब खाली येतो आणि उभं राहताना भोवळ येते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना डोसबद्दल विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात. खोक्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. शहाळं उत्तम, पण मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी दिवसाला तीन-चार शहाळी रिचवू नयेत. त्यातलं पोटॅशियम त्यांना बाधतं.

बोट लागण्याच्या त्रासाबद्दल मी मुद्दाम जरा लांब लिहितो, कारण मधुमेह्यांसाठी हा त्रास साधा नाही. सकाळची पहिली बोट सहा-साडेसहाची. घाईत चहा घेतला, सवयीने साखरेची गोळी घेतली, नाश्ता "बोटीत करू" म्हणून बांधून घेतला. तासाभरात बोट हलायला लागली आणि होतं नव्हतं ते पडलं. गोळी मात्र रक्तात पोचलेली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अशा वेळी झपाट्याने उतरते: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शेजारच्याला वाटतं, बोट लागली आहे, पडू दे निवांत. तसं पडू देऊ नका. ग्लुकोमीटर हाताशी ठेवा, ग्लुकोजची पावडर खिशात ठेवा. मोबाइलबरोबर चार्जर नेता तसं ते नेहमीचंच समजा. आणि बोटीच्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन कधी, किती घ्यायचं हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी बोट लागल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. प्रोमेथॅझिनची गोळी, आपल्याकडची अॅव्होमिन, आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यावी. तिने झोप येते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही रुग्णांना ती चालत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नाही. रिकाम्या पोटी बसू नका, तसंच मिसळ खाऊनही बसू नका. कोरडी पोळी, खाकरा, एखादी आल्याची वडी. जागा मध्यभागी, खालच्या डेकवर घ्या, नजर क्षितिजावर ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकत बसणाऱ्याला बोट सगळ्यात आधी लागते.

पायांचं सांगतो. माझ्याकडे अंदमानहून परतलेले एक काका आले होते. मधुमेह जुना, तळव्यांची जाणीव कमी झालेली. पायाला "काहीतरी चिकटलंय" एवढीच तक्रार. भिंगाखाली पाहिलं तर टाचेजवळच्या चिरेत प्रवाळाचे पांढरे कण रुतून बसले होते, साबुदाण्याच्या चुऱ्याएवढे, आणि भोवतीची कातडी शिजल्यासारखी मऊ झालेली. वाळूत अनवाणी फिरताना कापल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. प्रवाळाची जखम दिसते ओरखड्याएवढी आणि चिघळते आठवडाभर, कारण कण आत राहतात. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा, कण मऊ ब्रशने घासून काढा, दुखलं तरी. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच-दहा वर्षांत घेतलं नसेल तर निघण्यापूर्वीच घेऊन टाका. पाण्यात जाताना बंद, रबरी तळाचे बूट. हवाई चप्पल पहिल्याच लाटेत जाते. प्रवाळावर उभं राहू नये हे त्याच्यासाठीही बरं आणि तुमच्यासाठीही.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट लपलेली असते. पाय उचलून टाकत चाललात तर नेमका तिच्या पाठीवर पडतो आणि शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. पाय घासत चाललात तर ती आधीच निघून जाते. मुंबईकरांना हे नवं नाही. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी कितीतरी जणांना पाकटांनी डंख मारले होते. पाकट, शिंगाळा, दगडासारखा दिसणारा स्टोनफिश यांच्या विषावर पहिला उपचार म्हणजे गरम पाणी. सोसवेल तितकं, साधारण 45 अंशांपर्यंत गरम पाणी बादलीत घेऊन त्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने विषातली प्रथिनं निकामी होतात आणि ठणका उतरतो. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, चांगल्या पायाने घ्या, डंखाच्या पायाला भाजलेलं कळत नाही. मधुमेह्याने तो अंदाज दुसऱ्याच माणसाच्या हाताने घ्यावा. हळद, चुना, तंबाखू यातलं काही जखमेत भरू नका. काटा खोल असेल, छातीत किंवा पोटात असेल, तर ओढून काढू नका, तसंच रुग्णालय गाठा. जेलीफिशच्या बाबतीत वाळूने चोळणं आणि गोडं पाणी ओतणं, दोन्ही टाळा. समुद्राच्याच पाण्याने धुवून धागे चिमट्याने काढा. दम लागला किंवा चेहरा सुजला तर वेळ घालवू नका.

मगरींबद्दल दोन वाक्यं. अंदमानातल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर समुद्रात पोहतात, 2010 मध्ये हॅवलॉकच्या किनाऱ्यावर एका परदेशी पर्यटक महिलेचा बळी गेला आहे. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या आसपास, दिवेलागणीला पाण्यात उतरू नका आणि जीवरक्षक नाही म्हणाला की हुज्जत घालू नका.

मासे खाणाऱ्यांनी नाक वापरावं. टूना, सुरमई, बांगडा पकडल्यावर बर्फात ठेवला नाही, तर त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. जेवल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल, डोकं ठणकतं, छाती धडधडते. बरेचजण याला माशांची अॅलर्जी समजून कायमचे मासे सोडतात, हे वाईट. जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो घास टाका. मासेमारी वस्तीतल्या धक्क्यावर सकाळी उतरलेला मासा घेण्याचा मोह होतो, घ्याच, फक्त बर्फ होता का ते बघा आणि कल्ले उघडून लाल आहेत ना ते तपासा. कोकणातल्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागत नाही.

स्कूबा करणाऱ्यांनी सर्दी असेल तर डुबकी रद्द करावी. कान मोकळा होत नसताना खाली गेलात तर पडदा फाटतो. दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर फॉर्मवर लपवू नका. एक डुबकी झाल्यावर विमानाला किमान 12 तास, एकाहून अधिक झाल्या असतील तर किमान 18 तास थांबावं, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणजे परतीच्या आदल्या दुपारी स्कूबा ठेवणारा कार्यक्रम छान दिसला तरी वाईटच. हेच तारकर्लीला लागू: सकाळी डुबकी आणि दुपारी गाडी आंबोलीच्या घाटात, असं करू नका. एक रात्र मालवणात काढा, सोलकढी तिथे जास्त चांगली मिळते.

बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवू नये, खाऊ देऊ नये, फोटो काढू नये, हा नियम कायद्याइतकाच वैद्यकीयही आहे. 1877 च्या गोवराच्या साथीने ग्रेट अंदमानी लोकांची मोठी हानी झाली; 1999 मध्ये जारवांमध्येही गोवर पसरला. आपल्या सर्दी-गोवरावर त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिकारशक्ती नाही. खोकला असेल तर त्या दिवशी तिकडे जाऊच नका.

आता मलेरियाच्या गोळ्या. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील अशा आठवड्याभराच्या सहलीसाठी मी त्या सहसा देत नाही. दूरच्या बेटांवर, निकोबारकडे कामानिमित्त महिनोन्‌महिने राहणाऱ्यांचा विचार वेगळा. तिथला मलेरियाचा एक डास खाडीच्या मचूळ पाण्यातही वाढतो, त्यामुळे "आसपास गटार नाही" हे समाधान खोटं. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर कातडी उन्हाला जास्त भाजते, हेही लक्षात ठेवा. संध्याकाळी पूर्ण बाह्या, आधी सनस्क्रीन आणि त्यावर डास पळवणारं क्रीम. किनाऱ्यावरच्या वाळूमाशांनाही तेच चालतं. त्यांची खाज आठवडाभर राहते, खाजवलं की पिकते.

लेप्टोची आठवण कुणालाच नसते. 1988 पासून अंदमानात पावसाळ्यानंतर ताप आणि खोकल्यातून रक्त पडण्याच्या साथी येत. त्याला अंदमान हॅमरेजिक फीव्हर म्हणत, पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचं सिद्ध झालं. सिंधुदुर्गातल्या भातशेतीत होतो तोच. पायाला जखम असताना डबक्यातून, ओढ्यातून, शेताच्या चिखलातून चालू नका. लक्षणं दोन दिवसांपासून महिनाभरात कधीही दिसू शकतात, म्हणजे तुम्ही घरी परतून फोटोंचा अल्बम बनवत असताना.

तेव्हा परतल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नका. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की तुम्ही बेटांवर होता, कोणत्या तारखांना आणि कुठल्या पाण्यात उतरला होता. मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप टिकून असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या. लेप्टोची अँटिबॉडी चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत फसवी निगेटिव्ह येते, त्यामुळे उपचार तिच्यासाठी अडवून ठेवू नयेत. व्हायवॅक्स मलेरिया काही महिन्यांनीही उलटू शकतो. गणपतीत ताप आला तरी डिसेंबरातली सहल सांगायची.