मुकादमाचं पोट

ऊसतोडीच्या धंद्यात माणूस पोटावरून ओळखता येतो. कोयतेवाल्याचं पोट पाठीला टेकलेलं, मुकादमाचं शर्टाच्या गुंड्या ताणणारं. वडील दरवर्षी दसरा झाला की पाथर्डीहून फडावर निघायचे. मीही विशीत मोळ्या बांधल्या, गाड्या भरल्या. पुढे टोळी धरली, उचल वाटायला लागलो, मोटारसायकल आली, मग जीप. चालणं संपलं. कारखान्याच्या चिटबॉयपासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांशी बोलणी ढाब्यावर. रात्री उशिराचं मटण आणि सोबत बाटली हेच आमचं ऑफिस. पोट सुटलं तसे तिसगावच्या बाजारात लोक म्हणायला लागले, "मुकादम, आता कसे शोभताय!" अंगाला सुख लागलं, असंच घरीदारी धरून चाललो होतो.

वयाच्या 52व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

तो पोटामुळेच झाला, असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. सडपातळ माणसालाही हा आजार होतो, आणि ढेरीवाले कितीतरी जण धडधाकट म्हातारे होतात. पण जोखीम वाढते, यात आता शंका राहिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 साली जादा चरबीशी नातं असलेले 13 कॅन्सर सांगितले, त्यात मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही आहेत. बायकांपेक्षा पुरुषांत हे नातं जास्त घट्ट दिसतं. दारूची जोखीम आणखी वेगळी, ती वरून चढते.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साचणारी चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे शरीरात सतत बारीक सूज राहते आणि रक्तातलं इन्शुलिन चढं राहतं. हे इन्शुलिन पेशींना वाढायला सांगत राहतं. आतड्याच्या अस्तरावर एखादी बारीक गाठ, म्हणजे पॉलिप, आधीच उगवली असेल, तर बांधावरच्या गवताला पाटाचं पाणी मिळावं तसं तिचं फावतं. सगळ्याच पॉलिपचा कॅन्सर होत नाही, आणि ज्याचा होतो त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. ही वर्षं आपल्या हातातली असतात. दुर्बिणीच्या तपासणीत पॉलिप दिसला, तर तिथल्या तिथे काढून टाकता येतो.

पोट मोजायची आमच्याकडे रीतच नाही. पायजम्याची नाडी सैल केली की झालं, आणि पॅंट तर ढेरीच्या खाली बांधायची, म्हणजे नंबर वर्षानुवर्षं तोच. टेप घ्या. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. आपल्या लोकांसाठी पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही हद्द धरतात.

आता रक्ताचं. परसाकडे रक्त पडलं की आमच्या भागात एकच निदान: मूळव्याध. गावोगावी भिंतींवर जाहिराती रंगवलेल्या आहेतच. मलाही बोट घालून न तपासता, दुरूनच पुड्या मिळाल्या आणि तिखट बंद करायला सांगितलं. मूळव्याध असतेही पुष्कळांना, नाही असं नाही. पण चाळिशीनंतर रक्त पडत असेल, शौचाची सवय महिनाभर बदललेली असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, तर तपासल्याशिवाय औषध घेऊ नका. आतड्याच्या उजव्या बाजूचा कॅन्सर तर पुष्कळदा डोळ्यांना रक्त दाखवतही नाही. नुसतं हिमोग्लोबिन उतरतं, धाप लागते. पुरुषाचं रक्त कमी झालं तर गोळ्या घ्याव्यात, पण ते जातंय कुठे हेही शोधावं. मलातलं न दिसणारं रक्त पकडणारी साधी चाचणी असते. तिच्यात रक्त आढळलं तर दुर्बीण.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच होती. निदानाआधीच्या हंगामात माझं वजन आपोआप उतरायला लागलं. जेवण तेच, बसणं तेच, आणि पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मढीच्या यात्रेत पाहुण्यांनी कौतुक केलं, कुणी विचारलं कोणत्या डॉक्टरची गोळी. लठ्ठ माणूस वाळायला लागला की त्याला आजारी कुणी म्हणत नाही, शाबासकी देतात. कष्ट न करता उतरलेलं वजन ही खुशीची बातमी नव्हे, हे मला बायकोने सांगितलं: "अहो, ज्वारीची गोणी अशी उंदीर लागल्याशिवाय हलकी होत नाही." तिनेच नगरला नेलं.

आतड्याचा तुकडा काढला, पुढे केमो झाली. पोटावर कायमची पिशवी लागेल या धास्तीने पुष्कळ जण ऑपरेशन टाळतात. मला ती लागली नाही, आणि ज्यांना लागते तेही शेतात कामं करताना मी पाहिलेत. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतलं हॉस्पिटल गाठा, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटा.

आता ढाबा बंद, दारू बंद. मोहट्याच्या देवीला पायीच जातो.

आणि मुलांचं. आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणी 40व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, यातलं जे लवकर येईल तेव्हा करायची असते. माझ्या मुलाच्या हिशोबात 40 येतं. त्याला अजून वेळ आहे, पण टेप लावली तर 98 भरली, आणि जीप आता तो चालवतो.