लॅबचं बिल भरताना : वाचता येणं आणि कळणं



पाचवीच्या गणितात आपण 'बिल' शिकवतो. वह्या, पेन्सिली, किलोभर साखर. बेरीज जमली की बरोबरची खूण करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले. एका पावसाळ्यात वर्गातल्या मुलीच्या घरी घडलेल्या प्रसंगानं मला थांबवलं. आजचा पाठ त्यावरच आहे.

प्रसंग

आमची शाळा भोसरी-चाकण पट्ट्यातली. बहुतेक पालक कंपन्यांमध्ये कंत्राटी कामाला, कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून आलेले. या मुलीच्या धाकट्या भावाला चार दिवस ताप होता. डॉक्टरांनी रक्त-लघवीची तपासणी लिहून दिली. वडील ड्युटीवरून आले आणि मुलगी व मुलगा दोघांनाही घेऊन जवळच्या लॅबमध्ये गेले. पाचशेच्या दोन नोटा दिल्या, कागद मिळाला. कागद इंग्रजीत. वडिलांनी तो मुलीच्या हातात दिला, "वाच गं, काय लिवलंय?"

मुलीनं अडखळत का होईना, बरोबर वाचलं : टोटल १,३५०. अॅडव्हान्स १,०००. बॅलन्स ३५०.

आता मोबाइलमध्ये बॅलन्स म्हणजे काय? आपले उरलेले पैसे. बँकेत बॅलन्स म्हणजे? तेच. मुलीनं सांगितलं, "पप्पा, साडेतीनशे आपले उरलेत." वडिलांना वाटलं, उद्या रिपोर्टबरोबर ते परत मिळतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लॅबमध्ये गेले ते साडेतीनशे घ्यायला. काउंटरवरच्या माणसानं उलट साडेतीनशे मागितले. महिनाअखेर होती. खिशात रिक्षापुरते पैसे, खात्यात काही नाही. रिपोर्ट रात्रभर काउंटरवर राहिला आणि पोरगं घरी तापानं फणफणत राहिलं. सकाळी शेजाऱ्याकडून उसने घेऊन रिपोर्ट आणला, मग डॉक्टरांना दाखवला. मुलगा पुढे बरा झाला, ही देवाची कृपा.

वडील नंतर शाळेत भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, लेकीनं वाचून सांगितलं म्हनून मी निर्धास्त होतो." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मुलगी मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला अक्षरं वाचायला शिकवली, कागद वाचायला शिकवला नाही. तिनं १,३५० मधून १,००० वजा करून पाहिले असते तर लगेच कळलं असतं. पण बिलाच्या कागदावर वजाबाकी करून बघायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बिलातले शब्द आधी शिकवू

लॅबच्या बिलावर साधारण हे शब्द असतात. फळ्यावर लिहून एकेक समजावून द्या.

• टोटल किंवा ग्रॉस : सर्व तपासण्यांची मिळून रक्कम.
• डिस्काउंट : सूट, म्हणजे टोटलमधून वजा होणारी रक्कम.
• नेट किंवा पेएबल : सूट वजा करून आपण भरायची रक्कम.
• अॅडव्हान्स किंवा रिसीव्हड : आपण आधी दिलेले पैसे.
• बॅलन्स किंवा ड्यू : आपण अजून द्यायचे पैसे.

'बॅलन्स'वर जरा जास्त वेळ द्या. आपल्या मराठीत हा घोळ कमी आहे. घरात उरते ती 'शिल्लक' आणि वाण्याकडे राहते ती 'बाकी'. एक आपली असते, दुसरी आपल्याला द्यायची असते. इंग्रजीतला 'बॅलन्स' मात्र दोन्ही कामं करतो. मोबाइलमधला बॅलन्स म्हणजे शिल्लक, बिलातला बॅलन्स म्हणजे बाकी. मुलांना हे एकदा सांगितलं की ती विसरत नाहीत.

आणखी एक. किराणा सोडून बऱ्याच बिलांवर मुलांना जीएसटी दिसतो. लॅबच्या बिलावर तो का नाही, असं एखादा विद्यार्थी विचारेल. डॉक्टर, दवाखाने आणि रोगनिदान करणाऱ्या लॅब यांच्या आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे. म्हणून रक्त तपासणीच्या बिलात जीएसटी जोडलेला दिसला तर विचारायला हवं.

पैसे भरण्याआधी

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी.

१. डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल शेजारी-शेजारी धरा. चिठ्ठीत तीन तपासण्या असतील तर बिलातही तीनच हव्यात. जास्त असेल तर "ही कुणी सांगितली?" असं शांतपणे विचारा. 'पॅकेज स्वस्त पडेल' असं कुणी म्हणालं तरी आपल्याला हव्या त्या तपासण्यांची वेगळी बेरीज करून बघा.

२. रक्त देण्याआधी एकूण किती होतील ते विचारा. नमुना दिल्यावर विचारून उपयोग कमी.

३. घरी येऊन नमुना घेतला तर त्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही विचारा. एकाच तपासणीचे वेगवेगळे दर का असतात, हे कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये आरटी-पीसीआर चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये होती. महाराष्ट्र शासनानं ती टप्प्याटप्प्यानं खाली आणली. डिसेंबर २०२१ मध्ये खासगी लॅबसाठी तीन दर ठरले : संकलन केंद्रावर जाऊन नमुना दिला तर ३५०, रुग्णालय किंवा कोविड केंद्रातून घेतला तर ५०० आणि घरी येऊन घेतला तर ७०० रुपये. चाचणी तीच, पण घरी बोलावलं की दुप्पट. सहावी-सातवीला शेकडेवारीसाठी हे चांगलं उदाहरण आहे. ४,५०० वरून ३५० म्हणजे शेकडा किती घट, हे मुलांना काढू द्या.

४. सर्वांत महत्त्वाचं, ही तपासणी आपल्याला मोफत मिळू शकते का?

आपल्या पट्ट्यात या चौथ्या प्रश्नाला फार अर्थ आहे. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे अशा कामगारांच्या पगारातून राज्य कामगार विमा योजनेसाठी, म्हणजे ईएसआयसाठी, ०.७५ टक्के कपात होते आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १५,००० पगार असेल तर कामगाराचे सुमारे ११३ रुपये दरमहा जातात. कंत्राटी कामगारही यात येतात. या योजनेत कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. ज्या वडिलांची गोष्ट वर सांगितली, त्यांच्या पगारपत्रकातही ही कपात होती. पैसे दर महिन्याला जात होते, पण कार्ड कुठे आणि कसं वापरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चाकणच्या ग्रामीण रुग्णालयाचंही लक्षात ठेवा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. पिंपरीत संत तुकारामनगरला असलेलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आपण ज्याला वायसीएम म्हणतो, ते महानगरपालिकेचं. ते त्या विभागात येत नाही, त्यामुळे तिथले दर काउंटरवर विचारून घ्यावेत.

खासगी लॅब वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. रात्री-अपरात्री, रविवारी त्याच उपयोगी पडतात. पण पर्याय माहीत असून पैसे देणं वेगळं आणि माहीत नसल्यामुळे देणं वेगळं.

पैसे भरताना

रोख देत असाल तर नोटा मोजून, रक्कम तोंडानं सांगून द्या. "हे हजार दिले, साडेतीनशे राहिले ना?" एवढं एक वाक्य बोललं असतं तर वरचा प्रसंग टळला असता.

फोनवरून, म्हणजे यूपीआयनं देत असाल तर क्रम असा :

• क्यूआर कोड काउंटरवरचाच स्कॅन करा.
• स्क्रीनवर आलेलं नाव मोठ्यानं वाचा आणि "हेच ना?" असं विचारा. लॅबच्या पाटीवरचं आणि खात्याचं नाव कधी कधी वेगळं असतं, म्हणून विचारणं बरं.
• रक्कम टाकल्यावर शून्यं मोजा. ३५० च्या जागी ३,५०० जायला एक बोट पुरतं.
• मगच पिन टाका. पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. 'रिफंड देतो, पिन टाका' असं कुणी म्हणालं तर तो फसवतो आहे असं समजा.

'पेंडिंग' दिसलं तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी खात्यातून रक्कम वजा झाली का ते बघा. काही मिनिटं थांबा आणि काउंटरवर पैसे आले का ते विचारा. दुकानदाराला किंवा लॅबला केलेलं पेमेंट खात्यातून वजा झालं, पण त्यांच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. त्यासाठी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जपून ठेवा.

लॅबचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून त्यावर पैसे पाठवू नका. नंबर पावतीवरून घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पैसे भरल्यावर

पावती मागून घ्या. तिच्यावर चार गोष्टी बघा : रुग्णाचं नाव व वय, तारीख, भरलेली रक्कम आणि राहिलेली बाकी. बाकी शून्य झाली की तसं पावतीवर लिहून घ्या. रिपोर्ट कधी मिळेल आणि तो आणताना अजून काही द्यायचं आहे का, हे निघण्याआधी विचारा. मग पावतीचा फोटो काढून ठेवा. मेडिक्लेम किंवा वैद्यकीय प्रतिपूर्ती असेल तर मूळ बिल व चिठ्ठीही लागते. ती घडी घालून पाकिटात ठेवली की पुसट होते, म्हणून एका फाइलमध्ये ठेवा.

बिलाबद्दल तक्रार असेल आणि लॅबनं ऐकून घेतलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वर्गातला उपक्रम (इयत्ता पाचवी ते सातवी, दोन तासिका)

शिक्षक मित्रांनो, खऱ्या माणसाचा रिपोर्ट वर्गात आणू नका. आजार ही खासगी गोष्ट आहे. खालील बिल फळ्यावर लिहा. रक्कम सरावापुरती आहे.

रक्ताची सीबीसी तपासणी : ३००
डेंग्यू तपासणी : ६००
लघवी तपासणी : १५०
घरी येऊन नमुना घेणे : १५०
टोटल : १,२००
डिस्काउंट : फक्त तपासण्यांवर १० टक्के
अॅडव्हान्स : ५००
बॅलन्स : ?

बहुतेक मुलं १,२०० चे १० टक्के, म्हणजे १२० वजा करतात. थांबवू नका, करू द्या. मग 'फक्त तपासण्यांवर' हे शब्द पुन्हा वाचायला सांगा. तपासण्या १,०५० च्या, त्यामुळे सूट १०५. भरायचे १,०९५ आणि बॅलन्स ५९५. गणित येणाऱ्या मुलांचं उत्तर वाचनामुळे चुकतं, हे त्यांना स्वतःलाच कळतं.

नंतर हे प्रश्न विचारा :

१. हे ५९५ कोण कुणाला देणार?
२. घरच्यांनी लॅबमध्ये जाऊन नमुना दिला असता तर किती वाचले असते?
३. डॉक्टरांनी लघवीची तपासणी लिहिली नसेल तर बिल किती व्हायला हवं? (दोन तपासण्या ९००, सूट ९०, घरी येण्याचे १५०, मिळून ९६०.)
४. काउंटरवर तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल?

दुसऱ्या तासिकेत काउंटरचं नाटक करा. एकानं लॅबवाला व्हायचं, एकानं आजी, एकानं नातू. आजीला वाचता येत नाही, नातवानं वाचून समजावायचं. आमच्या वर्गात यात सर्वांत जास्त बोलली ती तीच मुलगी. लॅबवाला झालेल्या मुलाला तिनं ठणकावून विचारलं, "काका, हा बॅलन्स तुमचा का आमचा?" सगळा वर्ग हसला, पण त्यानंतर हा प्रश्न वर्गाचाच होऊन गेला. आता कुठलंही बिल दिसलं की मुलं आधी तेच विचारतात.

शेवटी

पायाभूत साक्षरतेसाठी निपुण भारत अभियान जुलै २०२१ पासून सुरू आहे आणि त्यात समजपूर्वक वाचनावर भर आहे. मिनिटाला किती शब्द वाचले ते आपण मोजतोच. पण आपल्या पट्ट्यातल्या कित्येक घरांत इंग्रजी कागद वाचू शकणारं पहिलं माणूस म्हणजे आपल्या वर्गातलं दहा-अकरा वर्षांचं मूल असतं. आईवडील त्याच्या वाचनावर विश्वास ठेवून पैसे देतात, सही करतात, औषध घेतात. तो विश्वास फार मोठा आहे.

पालकहो, तुम्हीही एवढं करा. पुढच्या वेळी बिल मुलाच्या हातात दिलंत तर "काय लिहिलंय?" एवढ्यावर थांबू नका. "म्हणजे आपण किती द्यायचे?" असंही विचारा. आणि चुकलं तर रागावू नका, शेजारी बसून वजाबाकी करून बघा.

तुमच्या वर्गात हा उपक्रम करून बघा आणि मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.